भोपाळचं जेवण भोपाळच्या मोठ्या हॉटेलात रोज का नाही?

मराठी माणसाला भोपाळ मुख्यतः दोन डिसेंबरांमुळे ठाऊक असतं. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावानं निजामाला इथं कोंडलं, त्याचा दाणागोटा तोडला आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दोराह्याचा तह पदरात पाडून घेतला. दुसरा डिसेंबर १९८४ चा. वायुगळतीच्या त्या रात्रीबद्दल वेगळं काही सांगायला नको. पण या शहरात लोक जेवतात काय, असं पुण्यात किंवा नाशकात विचारलं तर फार थोड्यांना एखाद्या पदार्थाचं नाव सुचेल. लखनौ म्हटलं की गलौटी कबाब येतात, हैदराबाद म्हटलं की बिर्याणी येते. भोपाळपाशी गाडी अडते.

खरं तर १८१९ ते १९२६ अशा शंभराहून जास्त वर्षांत, मधली काही वर्षं सोडली तर, एकामागून एक चार बेगमांनी या गादीवर राज्य केलं आणि त्यांच्या काळात इथला दस्तरखानही घडत गेला. भोपाळी रिझाला पाहा. दह्यात शिजलेला, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीनं हिरवट झालेला हा रस्सा कोलकात्याच्या पांढऱ्या रेझाल्यापासून पार वेगळा आहे. फिलफोरा म्हणजे जाडसर कुटलेल्या मटणाचा झटपट परतलेला खिमा. त्यात मसाल्यापेक्षा मांसाची चव पुढे असते. जुन्या शहरातली सुलेमानी चाय चिमूटभर मीठ घालून उकळत ठेवतात. हॉटेलातल्या पिशवीच्या चहावर वाढलेल्या पाहुण्याला पहिला घोट बुचकळ्यात टाकतो, दुसऱ्या घोटाला तो कप पुढे करतो. शाकाहाऱ्यांसाठी माळव्याचा दाल-बाफला आहे. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग निखाऱ्यावर भाजायचे आणि तुपात बुडवून वरणाबरोबर कुस्करायचे. सकाळी पोहे असतात. आपल्या ओळखीचेच, पण बडीशेपेचा वास असलेले, वर शेव भुरभुरलेले आणि शेजारी गरम जिलबी. गोडाला मावा बाटी.

एवढा ऐवज गावात असताना मोठ्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यापुढे रात्री काय येतं? भारतातल्या बहुतेक पंचतारांकित हॉटेलांच्या दिवसभर उघड्या असणाऱ्या जेवणघरात जे येतं, तेच. एका बाजूला पास्ता, दुसरीकडे नूडल्स, मधोमध बटर चिकन, पनीर आणि काळी डाळ, शेवटी पेस्ट्रीची काचपेटी. डोळे बांधून माणसाला तिथं नेऊन बसवलं, तर तो भोपाळात आहे की लुधियान्यात, हे त्याला ताटावरून कळणार नाही. स्थानिक जेवणाला वर्षातून एखादा ‘फूड फेस्टिव्हल’ मिळतो. चार दिवस फेटे, मातीची भांडी आणि फलक असतात आणि पाचव्या दिवशी पुन्हा बटर चिकन. मुंबई-पुण्यातल्या बड्या हॉटेलांत पुरणपोळी आणि पिठलं-भाकरीचंही नशीब फारसं निराळं नाही, म्हणून हे दुखणं मराठी वाचकाला परकं वाटू नये.

अशा जेवणघराला हल्ली अनेक हॉटेलं ब्रासरी म्हणतात. नाव घेतलंच आहे तर मूळ ब्रासरी कशी होती हेही पाहायला हवं. पॅरिसची बोफिंजर १८६४ साली निघाली आणि लिप १८८० साली. दोन्हींचे संस्थापक अल्सासचे. १८७०-७१ च्या युद्धानंतर तो प्रांत जर्मनीकडे गेला आणि तिथली कितीतरी कुटुंबं पॅरिसला आली. त्यांनी राजधानीत आपल्या प्रांताची बिअर आणली, आंबवलेल्या कोबीवर मांस रचलेला आपल्या घरचा शुक्रूत आणला. पांढरा टेबलक्लॉथ, तरबेज वेटर, मोठा आरसा, सगळं होतं, पण ताटात गावाकडचं जेवण होतं, आणि दुपारी अवेळी आलेला माणूसही उपाशी परत जात नसे. प्रांताचं जेवण मानानं, रोज आणि दिवसभर वाढणारी जागा, अशी ही परंपरा आहे. आपल्या हॉटेलांनी त्यातला टेबलक्लॉथ तेवढा घेतला.

हे भारतीयांना जमत नाही, असंही नाही. १९८२ च्या डिसेंबरात ताज समूहानं लंडनमध्ये बेलीज हॉटेलला लागून ‘बॉम्बे ब्रासरी’ उघडली. कमेलिया पंजाबी यांचा त्यात पुढाकार होता. तोवर इंग्लंडातल्या बहुतेक ‘इंडियन’ हॉटेलांत ठरावीक लाल-पिवळ्या करीच मिळत. इथं गोव्याचं मासळीचं कालवण, पारशी घरांतले पदार्थ आणि मुंबईच्या चौपाटीवरची चाट झुंबराखाली आली. लंडनकरांनी ती नावं पाठ केली. मुंबईचं खाणं हजारो मैलांवर प्रतिष्ठेनं वाढता येतं, तर भोपाळचं भोपाळातच वाढायला अडचण कसली?

लखनौचं उदाहरण जास्त जवळचं. इम्तियाज कुरेशी यांनी तिथल्या खानसाम्यांची विद्या दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधल्या ‘दमपुख्त’च्या स्वयंपाकघरात नेली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वयंपाक्याचा असा सन्मान आपल्याकडे क्वचितच होतो. युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून २०१९ मध्ये हैदराबादची आणि २०२५ मध्ये लखनौची निवड केली. या शहरांचं जेवण गल्लीत तर होतंच, पण ते मोठ्या हॉटेलाच्या मेनूवर कायमचं छापलं गेलं, त्याला भाव आला, ते शिकवणारे आणि शिकणारे तयार झाले, त्यातून नाव पसरलं. भोपाळचा खानसामा अजून लग्नाच्या हंगामावर पोट भरतो.

भोपाळात हे सुरू करायला जागा शोधत हिंडायला नको. श्यामला हिल्सवरचा जहांनुमा पॅलेस हा त्या चार बेगमांतल्या शेवटच्या सुलतान जहाँ बेगम यांचे चिरंजीव जनरल ओबैदुल्ला खान यांचा वाडा. १९८३ साली त्याचं हॉटेल झालं आणि ते आजही याच घराण्याकडे आहे. तिथल्या ‘अंडर द मँगो ट्री’ या जेवणघरात जुन्या आंब्याच्या सोबतीनं कबाब आणि भोपाळी पदार्थ मिळतात. राजघराण्याचं स्वयंपाकघर आणि गावाची चव एकाच मेनूवर आल्याचा हा शहरातला धडधडीत पुरावा आहे. नवाब हमीदुल्ला खान यांनी १९२० च्या दशकात थोरल्या लेकीसाठी, आबिदा सुलतान यांच्यासाठी, बांधलेला नूर-उस-सबाह आता हॉटेल आहे आणि त्याच्यासमोर बडा तलाव पसरलेला आहे. ताज लेकफ्रंट आलं, डीबी सिटी मॉललगत कोर्टयार्ड बाय मॅरिएट आलं. खोल्या वाढल्या, आता ताटं वाढायला हवीत.

हॉटेलवाल्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांच्याकडे बैठकीला आलेले अधिकारी असतात, लग्नाची वऱ्हाडं असतात, तिखट न सोसणारे परदेशी असतात. निम्मं टेबल शाकाहारी निघतं. बुफे लावला की सगळ्यांची सोय होते आणि वेटरही कमी लागतात. पण पास्ता काढून टाका, असं कुणी म्हणत नाही. त्याच्या शेजारी रिझाला, बाफला, फिलफोरा आणि सकाळी पोहे-जिलबी कायमची असावीत, एवढीच मागणी आहे. भट्टी आहे, तवा आहे, माणसं आहेत. लागतो तो जुन्या शहरातला एखादा मुरलेला खानसामा, पगारावर आणि मानानं.

दुसरा अडसर बिलाचा. एखाद्या हॉटेलानं गेल्या आर्थिक वर्षात एका तरी खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपेक्षा जास्त घेतलं असेल, तर त्याच्या आवारातल्या जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. रस्त्यापलीकडच्या साध्या रेस्तराँत तो ५ टक्के आहे. म्हणजे हजाराच्या जेवणावर एकीकडे १८० रुपये कर आणि दुसरीकडे ५०. अशा हॉटेलाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते, साध्या रेस्तराँला मिळत नाही, हे खरं. पण जेवणाऱ्याला वजावट दिसत नाही, १८० दिसतात. गावातल्या शिक्षक-कारकुनाच्या कुटुंबानं कधीतरी तळ्याकाठच्या त्या देखण्या दालनात जेवावं असं वाटत असेल, तर जेवणावरचा कर खोलीच्या भाड्यापासून सोडवायला हवा. झोपणारा वेगळा आणि जेवणारा वेगळा असू शकतो.

सेवाशुल्काबद्दल तर नियम स्पष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी ते बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. द्यायचं की नाही, हे ग्राहकानं ठरवायचं. मेनूवर करासह अंतिम किंमत छापली तर जेवायला बसलेल्याला मनातल्या मनात बेरीज करत राहावं लागणार नाही. पहिल्यांदाच अशा ठिकाणी आलेल्या माणसाचा अर्धा संकोच तिथंच जाईल.

सांची आणि भीमबेटका ही दोन जागतिक वारसास्थळं भोपाळहून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. ती पाहायला येणारे मराठी पर्यटक बहुधा एक-दोन रात्री भोपाळात काढतात आणि दमून हॉटेलातच जेवतात. चौकातल्या गल्ल्या शोधत फिरायला त्या रात्री त्राण नसतं. शहराला आपली चव दाखवायला एवढीच वेळ मिळते. भोपाळात हॉटेल व्यवस्थापनाची सरकारी संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना एक सत्र जुन्या शहरातल्या खानसाम्यांच्या हाताखाली घालावं, पदार्थ मापासकट लिहून घ्यावेत, आणि बड्या हॉटेलांनी नोकरी देताना फ्रेंच सॉसबरोबर रिझालाही करून दाखवायला सांगावं. पर्यटन खातं आणि हॉटेलमालक एकत्र बसले तर येत्या हिवाळ्याच्या हंगामापासून याची सुरुवात होऊ शकते.