दुसरी सही

बँकेत नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात, ती म्हणजे एकट्यावर विसंबायचं नाही. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोघांच्या ताब्यात. दोघंही हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. व्हाउचर एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची. कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका म्हणून हे नसतं. माणूस चुकतो, थकतो, क्वचित मोहातही पडतो, म्हणून दुसरी नजर. चौतीस वर्षं मी हेच केलं. आपल्या घरांत मात्र ही सोय नाही. उंबऱ्याच्या आत काय घडलं याची नोंद बहुधा एकाच हातची असते, आणि तो हात दांडगा असला तर समोरच्याला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा उरत नाही.

माझी एक मैत्रीण होती, म्हणजे अजूनही आहे. नाव सांगत नाही, शाखाही सांगत नाही. आम्ही दोघी डोंबिवलीच्या, एकाच शाखेतल्या, लेडीज डब्यात एकमेकींसाठी जागा धरणाऱ्या. ती कॅशला बसायची. पगाराच्या दिवशी रांग दाराबाहेर गेलेली असो, संध्याकाळी तिची कॅश पैशाला पैसा जुळायची. आणि हीच बाई घरी विसरभोळी म्हणून प्रसिद्ध होती! घराची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडायची, विजेचं बिल गादीखाली. शोधून द्यायचा नवराच, हसत हसत, पाहुण्यांसमोर. ‘हिच्या हातात लोकांचे लाखो रुपये देतात, कमाल आहे तुमच्या बँकेची!’ आम्ही सगळे हसायचो. मीही हसले आहे. माणूस मोठा गोड होता. सोसायटीच्या गणपतीत पुढे, कुणाच्या आजारपणात रात्री जागायला तयार. आमच्या ह्यांना तर तो फार आवडायचा. एकदा गाडीत ती हळूच म्हणाली, ‘मला वेड लागतंय का गं?’ मी म्हटलं, ‘तू जरा जास्तच मनाला लावून घेतेस.’

१९९६ मध्ये ‘अग्निसाक्षी’ लागला तेव्हा आम्ही शाखेतल्या पाच-सहा जणींनी मिळून तो पाहिला. नाना पाटेकर, मनीषा कोईराला, जॅकी श्रॉफ. बायकोकडे कुणी नजर टाकली तरी पेटून उठणारा नवरा, त्याच्यापासून पळून नव्या नावानं नवा संसार मांडलेली बायको, आणि ऐन मधुचंद्रात समोर उभा ठाकलेला तो. गंमत अशी की जेमतेम वर्षभरात हिंदीत याच कथेचे तीन चित्रपट आले: १९९५ मध्ये ‘याराना’, मग ‘अग्निसाक्षी’ आणि ‘दरार’. तिघांचं मूळ ज्युलिया रॉबर्ट्सच्या १९९१ मधल्या ‘स्लीपिंग विथ द एनिमी’त. त्यातला नवरा न्हाणीघरातले टॉवेल एका रेषेत नाहीत म्हणून बायकोला जाब विचारतो. तिला पाण्याची भीती आहे असं तो समजून असतो. ती मात्र चोरून पोहायला शिकते आणि बुडाल्याचा बहाणा करून निसटते.

नानानं काम इतकं भेदक केलं की त्याला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थिएटरमधून बाहेर पडताना माझी मैत्रीण मात्र मोकळी, जवळजवळ आनंदात होती. ‘बघितलंस ना? आमचे हे असे नाहीत गं. कधी हात नाही उगारला.’ मलाही हायसं वाटलं. आज वाटतं, त्या चित्रपटानं तिचं नुकसानच केलं. पडद्यावर राक्षस दाखवला की घरातला माणूस आपोआप सज्जन ठरतो. तिची आणखी सात वर्षं त्या ‘असे नाहीत’वर गेली.

२००३ च्या सुमारास माझ्याकडे ‘गॅसलाइट’ची सीडी आली. जॉर्ज क्यूकरचा १९४४ चा चित्रपट, मूळ पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ मधलं नाटक. इन्ग्रिड बर्गमनला तिचं पहिलं ऑस्कर यातल्या भूमिकेनं मिळवून दिलं. मी तो आणला केवळ बर्गमनसाठी. एका शनिवारी हाफ डे उरकून दोघी आमच्या घरी जेवलो आणि बघायला बसलो.

कथा लंडनमधल्या एका जुन्या घराची. नवरा मृदू बोलणारा, पियानो वाजवणारा. बायकोच्या पर्समध्ये ठेवलेली ब्रोच नाहीशी होते, भिंतीवरची तसबीर गायब होते, आणि प्रत्येक वेळी तो दुःखी चेहऱ्यानं सांगतो की हे तूच केलंस, तुला आठवत नाही एवढंच. रात्री तो बाहेर पडला की खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो आणि वर पावलं वाजतात. खरं तर तोच मागच्या वाटेनं माळ्यावर जाऊन दडवलेले दागिने हुडकत असतो. वर दिवा लावला की खालच्या दिव्याचा गॅस कमी पडतो. तिला मात्र हे भास वाटू लागतात. मग एक पोलीस अधिकारी घरात येतो, त्याच्यासमोर दिवा मंद होतो, आणि त्यालाही तो मंद झालेला दिसतो.

तिथं मैत्रिणीनं माझ्या हातातला रिमोट घेऊन चित्र थांबवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्यालाही दिसला.’ एवढंच. आणि मग तांदळाच्या डब्याचं बोलायला लागली. आपण किल्ली खुंटीलाच लावली होती, दर वेळी लावली होती, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असून उपयोग काय? घरात साक्षीला दुसरं कोणी नव्हतं. त्या दिवशी साठ वर्षांपूर्वीच्या एका परक्या चित्रपटानं तिच्या व्हाउचरवर दुसरी सही केली. माझी सही व्हायला हवी होती, ती मी इतकी वर्षं केली नव्हती, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाही कळत होतं.

‘गॅसलायटिंग’ हा शब्द आता कॉलेजातली पोरंसुद्धा वापरतात; मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशानं २०२२ चा शब्द म्हणून त्याचीच निवड केली होती. त्याचं मूळ या चित्रपटात आहे. पण शब्द हाती आला म्हणजे सगळं हाती आलं असं नाही. ‘गॅसलाइट’मधला नवरा अखेर चोर आहे, त्याला दागिने हवे आहेत. आपल्या घरांत दागिने कुणालाच हवे नसतात. तिथं हवा असतो तो फक्त ताबा.

म्हणून माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात खरा चित्रपट आपल्याच मातीतला आहे: श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’, १९७७ चा. भाषा हिंदी, जीव मराठी. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो बेतलेला. अरुण साधूंनी शब्दांकन केलेलं ते कथन आधी ‘माणूस’मधून आलं, १९७० मध्ये त्याचं पुस्तक झालं, आणि पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. स्मिता पाटीलला ‘भूमिका’नं पहिला राष्ट्रीय पुरस्कार दिला. पण मी आज बोलणार आहे अमोल पालेकरांच्या केशव दळवीविषयी.

तोवर पालेकर म्हणजे आपल्या शेजारचा सज्जन, बसथांब्यावर लाजत उभा राहणारा. बेनेगलांनी नेमका तोच चेहरा उचलला. केशव या घराच्या पडत्या काळात मदतीला धावलेला माणूस. मुलगी लहान असल्यापासून त्याचा तिच्यावर डोळा. लग्नानंतर उषाला घर करायचं आहे, काम सोडायचं आहे. त्याला तिची कमाई हवी. तिची कामं तोच ठरवतो, करार तोच करतो, आणि संध्याकाळी ज्यांच्याबरोबर काम करायला पाठवलं त्यांच्यावरूनच तिला छळतो. काम केलं तर बदफैली, न केलं तर कृतघ्न. दोन्ही दारं बंद, आणि मधे उभी असलेली बाई ‘चिडकी’ ठरते. मी काउंटरपलीकडे असे केशव कितीतरी पाहिले. बायकोचं पासबुक यांच्या खिशात, विड्रॉल स्लिपांवर तिच्या सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या, आणि बोलणं किती आर्जवी! ‘तिला हे व्यवहारातलं काही कळत नाही हो, मॅडम.’ आम्ही सही जुळते का ते बघायचो आणि पैसे द्यायचो. नियमाप्रमाणे तेवढंच आमचं काम होतं.

‘भूमिका’तला दुसरा पुरुष, अमरीश पुरींचा विनायक काळे, श्रीमंत, भारदस्त, आवाज न चढवणारा. त्याच्या वाड्यात उषाला प्रथमच घर मिळाल्यासारखं वाटतं. मग एक दिवस जत्रेला जायला निघते तेव्हा कळतं की या वाड्यातून बाहेर पडायला परवानगी नाही. आणि सुटकेसाठी ती बोलावते कुणाला? केशवला! ज्याच्यापासून पळाली त्यालाच. बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटतं, ‘इतका त्रास होता तर परत का गेली’ असं आपण सहज म्हणून जातो. ज्यांनी हे भोगलंय ते हसत नाहीत. तारायला येईल असं दुसरं कोणी ओळखीचं उरलेलंच नसतं, हे त्यांना ठाऊक असतं.

इथं थोडं थांबून एक सांगायला हवं. अशा माणसांना ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असतो, असं आता सर्रास बोललं जातं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये आपल्या सूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत अशा विकारांचा वेगळा गट केला. आत्मकेंद्री व्यक्तिमत्त्व तेव्हापासून अधिकृतपणे त्यात आलं. मराठी चित्रपटानं मनाचे आजार फार समजुतीनं दाखवले आहेत: भावे-सुकथनकरांचा ‘देवराई’ स्किझोफ्रेनियावर, त्यांचाच ‘कासव’ नैराश्यावर. पण तिथं आजारी माणूस स्वतः तळमळतो आणि घराला कळतं की हा आजार आहे. व्यक्तिमत्त्वातच गाठ असली तर त्या माणसाला बहुधा वाटतं की आपलं ठीक आहे, बाकीचे चुकतात. तळमळतात ते भोवतालचे. मात्र निदान करणं हे तज्ज्ञाचं काम, तीन तासांचा सिनेमा पाहून आलेल्या बायकोचं किंवा माझ्यासारख्या कादंबरीकाराचं नव्हे. प्रत्येक हट्टी नवरा विकृत नसतो. काही नुसतेच हट्टी असतात. मैत्रिणीच्या नवऱ्याला काय होतं हे मला आजही माहीत नाही. तो कधी कुणाकडे गेलाच नाही.

आणि हे पुरुषांपुरतंही नाही. महेश भट्टांच्या ‘अर्थ’मधली कविता आठवा, १९८२ चा चित्रपट. तिथं स्मिता पाटीलच सतत सोडून जाण्याच्या भीतीनं जळते, भोवतालच्यांना जाळते. तिची कीव येते आणि तिच्याबरोबर एक दिवस काढायची कल्पनाही नको वाटते. दोन्ही एकदम वाटायला लावणं हे त्या कामाचं मोठेपण. ‘मी जीव देईन’ या धमकीखाली वर्षानुवर्षं कचेरीतून घरी धावत जाणारे पुरुष मला ठाऊक आहेत. ते कुणाला सांगत नाहीत, कारण सांगितलं तर लोक त्यांनाच हसतात.

उलट दिशेनं शिकवणारे चित्रपट तर ढिगानं. १९९३ मध्ये ‘डर’ आला तेव्हा नको म्हणणाऱ्या मुलीचा पाठलाग करणाऱ्यालाच टाळ्या पडल्या, आणि पोरं अडखळत तिचं नाव घेण्याची नक्कल करत फडके रोडवर फिरत. २०१९ मध्ये ‘कबीर सिंग’ला पडलेल्या टाळ्याही त्याच जातीच्या.

मैत्रिणीनं त्या शनिवारनंतर लगेच काही केलं नाही. एक वही आणली आणि ती बँकेच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. किल्ली कुठं ठेवली, किती वाजता, काय म्हणाला, असं तारीख घालून लिहायची. महिनाभरानं वही मला वाचायला दिली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून आहे, आमच्यापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. तिथल्या पायऱ्या चढायला आम्हाला तेरा वर्षं लागली. मुलीची बारावी झाल्यावर, २००५ मध्ये, ती वेगळी राहायला लागली. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला अमलात आला. शिवीगाळ, मानसिक छळ, पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसाच, असं त्यात लिहिलंय. तिला तो वर्षभर उशिराच भेटला.

आता सिनेमा बघायला थिएटर लागत नाही. अजूनही सकाळच्या गाडीनं दादरला गेले तर डब्यात कानाला यंत्र लावून मोबाइलवर डोळे खिळवलेल्या मुली दिसतात. दोनेक वर्षांपूर्वी एकीच्या मोबाइलवर ‘डार्लिंग्स’ चालू होता. भायखळ्याच्या चाळीतली आलिया भट, रेल्वेत टीसी असलेला नवरा. रात्री मारतो, सकाळी लाडीगोडी करतो, आणि ती मानते की दारू सुटली, मूल झालं की सगळं ठीक होईल. मुलगी ठाण्यापर्यंत बघत होती. घाटकोपरला तिनं तो मागे नेला आणि सकाळच्या लाडीगोडीचा प्रसंग पुन्हा लावला. तो संपल्यावर परत तोच. मी शेजारी होते. बोलावं की नाही, ते मला ठरवता येईना. घरी रिमोट दुसऱ्याच्या हातात असेल, कदाचित हाच तासभर तिचा असेल. दादरला उतरताना तिनं माझ्याकडे पाहिलं, मी पाहत होते हे तिला कळलं होतं. मी नुसती मान हलवली.

मैत्रीण आता डोंबिवलीतच, पश्चिमेला, एका खोलीच्या घरात राहते. दाराजवळ खिळा ठोकलाय, किल्ली तिथं. परवा आम्ही बाहेर पडत होतो तर खिळ्यावर किल्ली नाही. पाच मिनिटं शोधाशोध झाली. अखेर तिच्याच पर्सच्या मागच्या कप्प्यात सापडली. ‘विसरले गं,’ ती म्हणाली, ‘मीच ठेवली होती.’ आणि जिना उतरेपर्यंत हसत होती.