करून पाहू या : रुळांचा सांधा

दोस्तांनो, गाडी स्टेशनात शिरताना चाकांचा ठेका एकदम बदलतो. इतका वेळ चाललेलं 'खटक-खटक' थांबून 'खडाड् खडाड्' सुरू होतं, डबा जरा हेलकावतो आणि कुणीतरी म्हणतं, "सांधे बदलले, आलं स्टेशन!" गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा हा सांधा आज आपण मॉडेल रेल्वेसाठी हातानं करणार आहोत. तयार सांधे मिळतात, पण ते महाग पडतात. आणि हातानं केला की तो चालतो कसा, हे पक्कं डोक्यात बसतं.

आपला सांधा 'एचओ' मापाचा. म्हणजे सगळं खऱ्याच्या ८७ पट लहान आणि दोन रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर. आधी कागदावर पूर्ण आकाराचं चित्र काढा. प्रमाण १ : ६ ठेवा. म्हणजे फाटा फुटतो तिथे सहा सेंटिमीटर पुढे गेलं की रूळ एक सेंटिमीटर लांब जातो. आपल्या खऱ्या रेल्वेत १ : १२, १ : ८.५ असे सांधे असतात.

स्लीपरसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तांब्याचा थर असलेल्या बोर्डाच्या पट्ट्या कापा आणि चित्रावर चिकटवा. रूळ त्यांवर सोल्डर करायचे. इस्तरी तापते बरं का! घरातलं मोठं माणूस जवळ हवं आणि खिडकी उघडी.

आधी बाहेरचा सरळ रूळ. त्यावरून माप घेऊन 'नाक', म्हणजे दोन तुकडे कानशीनं घासून जोडलेलं टोक. मग बाहेरचा वळणारा रूळ. नंतर सरकणाऱ्या दोन 'जिभा'. त्या टोकाशी इतक्या पातळ घासा, की बाहेरच्या रुळाला टेकल्यावर नख फिरवलं तर अडकू नये. शेवटी नाकासमोर, बाहेरच्या दोन्ही रुळांच्या आतल्या बाजूला, एकेक छोटा चेक रूळ.

इथेच माझी फजिती झाली होती. पहिल्या सांध्यावरून इंजिन झोकात गेलं, पण मालडबा दर वेळी नाकाशीच पडायचा. मी नाक घासलं. पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा घासलं, तेव्हा नाकाचं पार नकटं झालं! घासलेलं धातू परत थोडंच येतं? आणि दोष नाकाचा नव्हताच. चेक रूळ एक मिलिमीटर लांब बसला होता.

असं का? नाकाशी चाकाची कड पार जावी म्हणून रुळात खाच ठेवावी लागते. तेवढा क्षणभर त्या चाकाला वाट दाखवणारं कुणी नसतं. पण पलीकडचं चाक त्याच आसावर आहे ना! चेक रूळ त्या चाकाला आतून अडवतो, म्हणजे हे चाकही चुकीच्या वाटेला जात नाही. म्हणून चेक रूळ आणि बाहेरचा रूळ यांत साधारण सव्वा मिलिमीटरच फट ठेवा. गाडीचं वजन न पेलणारा हा तुकडाच गाडी सांभाळतो.

आता वीज. दोन रूळ म्हणजे दोन तारा. पण स्लीपरच्या तांब्यानं त्या एकमेकींना जोडल्या जातात! म्हणून प्रत्येक स्लीपरच्या तांब्यावर दोन रुळांच्या मधे कानशीनं बारीक चर पाडा. जिभा जोडणाऱ्या पट्टीवरही पाडा. नाकाच्या पुढे-मागे रूळ कापून ते वेगळं करा आणि सांधा बदलेल तशी त्याची वीज बदलेल असं बटण लावा. बॅटरीचा सेल आणि छोटा बल्ब घेऊन तपासा. दोन रुळांना तारा लावल्यावर बल्ब पेटला, तर चर अपुरा आहे!

इंजिन लगेच सोडू नका. एक डबा बोटानं ढकला, दोन्ही वाटांनी वीस-वीस वेळा. डबा अडखळला, तर घासण्याआधी मोजा.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथे गेलात तर गाड्या बघून झाल्यावर सांधेही जरूर बघा. स्टेशनवरही बघा, मात्र फलाटावरूनच हं! चेक रूळ सापडला, की दोस्तांनाही दाखवा.