फिल्मचा खोका कोणी उघडला?

गेले काही महिने नव्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. हौसेने परदेशातून मागवलेला ४×५ शीट फिल्मचा पहिलाच खोका वाटेत तपासणीला उघडला गेला आणि आतल्या सगळ्या शीट काळ्याकुट्ट निघाल्या. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स बंद पडल्यापासून कॅमेऱ्याची शीट फिल्म आपल्याकडे बाहेरूनच येते, त्यामुळे हा टप्पा कोणालाच चुकत नाही. खोक्यावर ‘संपूर्ण अंधारातच उघडा’ असे ठळक छापलेले असते. एकावर एक बसणारी झाकणे असतात, त्यांच्या आत पुन्हा बंद पाकीट असते. एवढा बंदोबस्त कशासाठी, हा प्रश्न खोका फोडणाऱ्याला पडत नाही याची चीड येते. पार्सल तपासण्याचा अधिकार आम्ही नाकारत नाही. फिल्मच्या नावाखाली भलतेच काही येऊ शकते, हेही मान्य. पण तपासणी करायची म्हणजे माल नासवायचा, असे थोडेच आहे? टेबलावर एक चेंजिंग बॅग ठेवली तर तिच्या बाह्यांत हात घालून आत शीट आहेत की आणखी काही, हे मिनिटभरात चाचपता येते. तेही जमत नसेल तर ज्याचा माल आहे त्याला बोलावून त्याच्यासमोर तपासा. वाचकांच्या पत्रांतला पुढचा भाग तर आणखी अजब आहे. शुल्क भरायचे ते चांगल्या मालाचे, आणि भरपाई मागितली की उत्तर मिळते, ‘फिल्म खराब झाल्याचे सिद्ध करा.’ सिद्ध करायचे तर शीट धुवावी लागते, आणि धुतल्यावर ती खोका उघडल्यामुळेच काळी पडली, हे मानायला कोणी तयार नसते. म्हणून खोक्याची चिकटपट्टी फाटलेली दिसली तर आधी तिचा फोटो काढावा, मग एक न वापरलेली शीट अंधारात काढून तशीच डेव्हलप करावी. ती स्वच्छ निघाली तरच बाकीच्या होल्डरमध्ये भराव्यात.

मात्र ही लढाई लढत असताना एक प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. नवशिक्याने पहिला धडा एवढ्या महागड्या, एवढ्या बेभरवशाच्या वाटेने येणाऱ्या फिल्मवर गिरवावाच कशाला? सुरुवातीच्या शीट वाया जातात त्या फिल्म हलकी असल्यामुळे नव्हे. शीट होल्डरमध्ये उलटी जाते, कारण खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन आपल्याकडे असते, हे बोटांना अजून सवयीचे झालेले नसते. शटर उघडे असतानाच डार्क स्लाइड ओढली जाते. १५० मिलिमीटरच्या लेन्सने जवळची वस्तू टिपताना बेलोज २१० पर्यंत ताणला, तर प्रकाश जवळजवळ दुप्पट द्यावा लागतो, हे ऐन वेळी आठवत नाही. या चुका प्रत्येकाच्या होतात आणि त्या भरपूर व्हायला हव्यात. पण शीटमागे मोजलेले पैसे डोळ्यांसमोर नाचत असले की नवशिका कॅमेरा उभा करतो, ग्राउंड ग्लासवर तासभर पाहतो आणि एक्स्पोजर न देताच घरी परततो.

यावर उपाय आहे वैद्यकीय एक्स-रे फिल्म. मागताना दुकानदाराशी नीट बोलून घ्यावे. आता बऱ्याच ठिकाणी डिजिटल यंत्रांची ड्राय लेसर फिल्म मिळते, ती आपल्या कामाची नाही. डेव्हलपर आणि हायपोत धुवायची फिल्म हवी. ८×१० च्या एका शीटमधून ४×५ चे चार तुकडे निघतात. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी दोनेक मिलिमीटर कमी कापावा, नाहीतर होल्डरमध्ये अडतो. जुन्या स्टुडिओतला लाकडी हाफ प्लेट कॅमेरा मिळाला असेल तर त्याच शीटमधून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात. ते होल्डर काचेच्या प्लेटसाठी केलेले असल्याने फिल्मच्या मागे तेवढ्या जाडीचा पुठ्ठा द्यावा लागतो. सगळ्यात मोठा फायदा डार्करूममध्ये कळतो. ही फिल्म गडद लाल दिव्यात हाताळता येते, त्यामुळे ट्रेमध्ये निगेटिव्ह उमटत जाताना दिसते आणि डेव्हलपमेंट कुठे थांबवायची, हे डोळ्यांनी शिकता येते.

जाणकारांचे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. ही फिल्म लाल रंगाला आंधळी आहे, कोकणातली जांभ्याची भिंत तिच्यावर काळपट येते. खरे आहे. पण राजा दीनदयाळांच्या काळच्या प्लेटांनाही लाल दिसत नव्हते, आणि त्यांच्या कामाला कोणी कच्चे म्हणत नाही. दोन्ही बाजूंना इमल्शन असल्याने ओरखडे पडतात, हेही खरे. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी आणि एका वेळी एकच शीट धुवावी. वेग खोक्यावर लिहिलेला नसतो, म्हणून एकाच शीटवर डार्क स्लाइड टप्प्याटप्प्याने सरकवून चाचणी घ्यावी लागते. ही चाचणी शिकवल्याशिवाय विद्यार्थ्याच्या हाती एफपी-४ देणे आम्हाला चूक वाटते.

आता थोडे ज्येष्ठांशी. डार्करूमला कुलूप लावून तिथे प्रदर्शनाच्या जुन्या चौकटी रचून ठेवणारे क्लब आपल्याकडे कमी नाहीत, आणि ‘हल्लीची मुले मेहनत घेत नाहीत’ ही तक्रारही तिथेच ऐकू येते. ते कुलूप काढा. महिन्यातला एक रविवार, एक लाल दिवा, तीन ट्रे आणि शीट कापायला एक कटर, एवढे दिले तरी पुष्कळ झाले. आणि ज्यांचे खोके उघडले गेले, त्यांनी पार्सलची पावती, फाटलेल्या पट्टीचा फोटो आणि धुतलेली एक शीट आमच्याकडे पाठवावी. एकेकट्याच्या अर्जाला उत्तर मिळत नाही. सगळे अर्ज एकत्र करून, चेंजिंग बॅगेच्या मागणीसह, आम्ही ते संबंधित कार्यालयात स्वतः नेऊन देणार आहोत.