घोट्याचा पट्टाही कापडासारखा पारखून घ्या

गेल्या पावसाळ्यात गोदामाच्या ओल्या पायरीवरून आमचा पाय घसरला आणि उजवा घोटा मुरगळला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होते. डॉक्टरांनी घोट्याला आधार देणारा पट्टा वापरायला सांगितले. आम्ही औषधाच्या दुकानात गेलो, डब्यावरचे चित्र पाहिले, किंमत विचारली आणि पट्टा घेऊन घरी आलो. तीस वर्षे आम्ही कापडाचा धंदा करतो. तागा उलगडून, बोटांत चुरगळून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. पण आपल्याच पायासाठी घेतलेली वस्तू आम्ही हात न लावता घेतली. चार दिवसांत तिचा उपयोग नाही हे कळले. या चुकीची खरी किंमत मात्र आम्ही मोजली नाही, दुसऱ्याने मोजली. म्हणून हा लेख.

पट्टा घेण्याआधी हाड मोडले नाही याची खात्री करणे आवश्यक आहे. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली यासाठी सोपे नियम मांडले, ते आज जगभर वापरले जातात. इजा झाल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावर जे हाड वर आलेले लागते, ते किंवा आतल्या बाजूचे कमानीवरचे हाड दाबल्यावर दुखले तरी तेच करावे. सुजलेल्या पायाला पहिल्याच दिवशी जोरात मालीश करून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या मते ती सोडून द्यावी.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला मोज्यासारखा, रबरी धाग्याने विणलेला. तो दाब देतो, सूज आवरतो, पण पाऊल आत वळू लागले तर त्याला रोखू शकत नाही. बहुतेक वेळा पाय आतल्या बाजूला वळूनच मुरगळतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. दुसरा जाड कापडाचा, नाडीने आवळण्याचा. त्याच्या पट्ट्या घोट्याभोवती आडव्यातिडव्या फिरतात, त्यामुळे पकड चांगली मिळते. तिसऱ्यात घोट्याच्या दोन्ही बाजूंना ताठ पट्ट्या असतात. पाऊल वरखाली होते, बाजूला वळत नाही. 2009 साली ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात गंभीर मुरगळ असलेले 584 रुग्ण होते. नुसती लवचिक नळीपट्टी वापरणाऱ्यांपेक्षा दहा दिवस प्लास्टर किंवा दोन्ही बाजूंचा ताठ आधार घेतलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी बरी होती. नऊ महिन्यांनी फरक उरला नाही. साध्या लचकेला मोज्यासारखा पट्टा पुरतो. जबर मुरगळीला ताठ आधार हवा, आणि मुरगळ किती आहे हे दुकानदाराने नव्हे, डॉक्टरांनी ठरवायचे.

आता पारख. घोट्याचे माप फितीने घ्यावे आणि डब्यावरच्या तक्त्याशी ताडून पाहावे. सूज संध्याकाळी वाढते, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. दुकानातच बांधून दहा पावले चालावे. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा मुंग्या आल्या तर तो पट्टा आवळ आहे. पट्टा ताणून सोडावा. तो मूळ आकारावर परत आला नाही तर महिनाभरात सैल होणार, हे कापडवाल्याला सांगायला नको. रबराच्या जाड अस्तराखाली आपल्या हवेत घाम साचतो, कातडीला खाज सुटते. सुती अस्तर किंवा आत पातळ मोजा बरा. नाडीचा आणि ताठ पट्टा बंद बुटातच नीट बसतो. चपलेवर किंवा अनवाणी सांच्यावर काम करणाऱ्याने हे आधी विचारात घ्यावे, नाहीतर पैसे वाया जातात.

आणखी एक प्रश्न वजूचा. पट्टा काढल्याने पायाला अपाय नसेल तर काढून पाय धुवावा. काढणे अपायकारक असेल तर पट्टीवर मसह करण्याची सवलत आहे. डॉक्टरांना आणि आपल्या मौलानांना, दोघांनाही विचारून घ्यावे. संकोचापोटी कित्येक जण पट्टाच बांधायचे सोडून देतात.

आता त्या किमतीविषयी. आमच्या पट्ट्याचा उपयोग होईना, तेव्हा आम्ही नाडीचा नवा घेतला आणि पंधरा दिवस गादीवर बसून धंदा पाहिला. त्याच महिन्यात आमच्या गोदामातील एका हमालाचा पाय मुरगळला. आम्ही मोठ्या मनाने जुना पट्टा त्याला दिला. तो त्याच्या मापाचा नव्हता आणि इजेला पुरणारा तर मुळीच नव्हता. चौथ्या दिवशी तो कामावर आला, "शेठ, चालतंय" म्हणाला आणि गाठ उचलताना तोच पाय पुन्हा मुरगळला. तो दीड महिना घरी बसला. जे आपण स्वतः वापरणार नाही ते दुसऱ्याला देऊन पुण्य मिळत नाही, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. ती आम्हाला त्या दिवशी आठवली नाही.

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, सांच्यावर बुनकर पाळीभर उभा असतो आणि अरुंद गल्लीतून या सांच्याकडून त्या सांच्याकडे फिरत राहतो. मजुरी कापडाच्या मीटरवर असेल तर तो दुखणे लपवूनच कामावर येणार. म्हणून आमचे मत असे की कामावर मुरगळलेल्या पायाचा योग्य पट्टा आणि डॉक्टर हा मालकाचा खर्च समजावा, आणि निदान पहिले दोन आठवडे त्या माणसाला मजुरी न कापता कांड्या भरण्यासारखे बसून करण्याचे काम द्यावे. व्यापारी हिशेबानेही हे स्वस्त पडते. जाणता कारागीर दीड महिना नसणे याहून महाग आहे.

कारागीर बांधवांनीही पट्टा बांधला म्हणजे पाय बरा झाला असे समजू नये. दुखणे कमी झाल्यावर भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा सराव डॉक्टरांना विचारून रोज करावा. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळण्याचा संभव असतो, म्हणून जड काम करताना पुढचे काही महिने पट्टा बांधावा.

आमचा तो हमाल आता कामावर आला आहे. नवा पट्टा आणि बंद बूट त्याच्या मापाने, त्याला दुकानात सोबत नेऊन घेतले. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.