पाणी की पानी?

'ताक' आणि 'टाक' हे दोन शब्द जरा मोठ्यानं म्हणून पाहा. 'त' म्हणताना जीभ दातांना टेकते. 'ट' म्हणताना तिचं टोक वर वळून टाळूला लागतं. फरक एवढासाच! पण तो कळला नाही, तर 'वाटीत ताक' आणि 'वाटीत टाक' यांत घोटाळा झालाच म्हणून समजा. हा फरक तुम्हांला कुणी शिकवला? कुणीच नाही. पाटी-पेन्सिल हातात येण्याआधीच तो तुम्हांला कळत होता. कसा बरं?

१९८४ साली कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या शास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. आवाज बदलला, की बाळानं मान वळवायची. बरोबर वळवली, की पेटीतलं खेळणं उजळून हलू लागायचं! ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी हा फरक ओळखला. त्यांच्या घरच्या भाषेत असा फरकच नव्हता बरं का! १० ते १२ महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना तो जमला. हिंदी ऐकत वाढणारी त्याच वयाची बाळं तो सहज ओळखत होती.

याचा अर्थ असा, की तान्ह्या बाळाचे कान परक्या भाषांतले आवाजही टिपतात. पुढे वर्षभरात ते घरच्या भाषेत मुरतात.

आता आपण रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला जाऊ. कुंडलिका नदीजवळचं, मुंबई-गोवा महामार्गावरचं हे गाव. इथल्या स्टेशनात मालाने भरलेले ट्रक चक्क रेल्वेवर चढतात आणि गोव्यातल्या वेर्ण्याला, कर्नाटकातल्या सुरतकलला जातात. कोकण रेल्वेनं ही 'रो-रो' सेवा १९९९ साली सुरू केली. समजा, कोलाडला जन्मलेलं एक बाळ याच मार्गानं सुरतकलला गेलं आणि एका कानडी घरात वाढलं. 'ळ' त्याला तिथेही मिळेल. पण आपल्या 'चाक'मधला 'च' निराळा आणि 'चिमणी'मधला 'च' निराळा, हे काही ते शिकणार नाही. तेच बाळ दिल्लीला वाढलं, तर रोजच्या हिंदीत 'ळ'सुद्धा त्याच्या वाट्याला यायचा नाही! बाळ तेच, कान तेच, जीभही तीच. बदलली ती फक्त भोवतालची माणसं.

माणसंच का? अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं २००३ साली याचं उत्तर दिलं. ९ महिन्यांच्या काही बाळांशी चिनी माणसं १२ वेळा येऊन चिनी भाषेत बोलली, खेळली. इतर काही बाळांना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. पहिल्या बाळांना चिनी आवाज ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरच्या बाळांना काहीच फायदा झाला नाही!

ओळखणं झालं, आता बोलणं. साधारण ६-७ महिन्यांपासून बाळ 'बाबाबा', 'मामामा' असं सुरू करतं. ओठ मिटले नि उघडले, की झाला आवाज! जवळच्या माणसांची नावं त्यामुळेच अशी सोपी असतात. गंमत पाहा, आपला 'मामा' आईचा भाऊ. जॉर्जिया देशात मात्र 'मामा' म्हणजे वडील! 'र', 'श' असे अवघड आवाज मागाहून येतात. तोवर 'काका'चा 'ताता' आणि 'राजा'चा 'लाजा' होतो. २०१८ साली मॅक्लाउड आणि क्रो या दोघींनी २७ भाषांमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ५ वर्षांची होईपर्यंत मुलांना आपापल्या भाषेतली बहुतेक व्यंजनं येतात, असं त्यांना आढळलं.

आता मुद्द्याची गोष्ट. कोलाडहून पेण-अलिबागकडे गेलात, की आगरी बोली कानावर पडते. तिथे 'पाणी'चं 'पानी' होतं, 'डोळा' 'डोला' होतो आणि 'गाडी'ची 'गारी' होते. दहा वर्षांचा मुलगा वर्गात 'पानी' म्हणाला, की काही जण फिदीफिदी हसतात. त्यांना वाटतं, याला अजून नीट बोलता येत नाही. पण हे काही बोबडे बोल नव्हेत! आई, आजी, शेजारीपाजारी जसं बोलतात, तसंच तो अगदी बिनचूक बोलतो आहे. त्याच्या कानांनी तुमच्या कानांइतकंच चोख काम केलं आहे. घरी कातकरी बोलणाऱ्या मुलांचंही तेच. त्यांना तर पुस्तकातली मराठी शाळेत आल्यावर वेगळी शिकावी लागते. म्हणजे तुमच्यापेक्षा त्यांचं काम दुप्पट! ती शिकायला हवीच. पण कुणी हसलं, तर मूल हात वर करायचं सोडतं, मोठ्यानं वाचायला कचरतं. मग ते शिकणार कसं?

तेव्हा या आठवड्यात एक करा. निराळी बोली बोलणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण गाठा आणि त्यांच्याकडून दहा शब्द शिकून घ्या. अगदी त्यांच्यासारखेच म्हणायचे हं! तुमची जीभ कुठे कुठे अडखळली, ते आम्हांला जरूर कळवा.