शरदाचे श्रवण
पाऊस सरतो, भातकापणी उरकते आणि मालगुंडची संध्याकाळ लवकर अंधारू लागते. याच गावी १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांनी ‘सतारीचे बोल’मध्ये उद्विग्न मनाला सुरांनी दिलेली शांती वर्णिली आहे. मात्र उतावळ्या कानांना ती लाभत नाही. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर, बासरी व गिटार काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस उभा करतात. प्रभातीच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. मधलाच तुकडा ऐकणाऱ्याच्या वाट्याला तो दिवस येत नाही. आज भ्रमणध्वनीमुळे एका घरातले कानही विभक्त झाले आहेत. कार्तिकातील एखाद्या सायंकाळी दिवेलागणीनंतर सर्वांनी मिळून एक तरी ध्वनिमुद्रिका अथपासून इतिपर्यंत ऐकावी. एकत्र ऐकणारे घर एकत्र बोलूही लागते.