क्लस्टर की कलेक्टर?

इंग्रजी शब्दांशी माझे हाडवैर नाही, हे या सदराच्या वाचकांस ठाऊक आहे. टेबल, बस आणि रेशन यांच्याशी मी केव्हाच रोटीबेटीव्यवहार मान्य केला आहे. परंतु गेल्या आठवड्यात आमच्या चौसाळ्यात एका तरुण अंमलदाराने भर सभेत ‘आता क्लस्टर येणार’ अशी वर्दी दिली आणि शेजारच्या आबांना, कान मंद झाल्यामुळे, ‘कलेक्टर येणार’ असे ऐकू आले. आबांनी घरी येऊन दारापुढे सडा घालविला, फेटा बांधला आणि पांदणीच्या रस्त्याविषयीचा जुना अर्ज बासनातून काढून ओट्यावर बैठक मारली.

एकाच जातीच्या वस्तूंनी परस्परांस बिलगून असणे, एवढाच ‘क्लस्टर’ या शब्दाचा अर्थ. १९९४ साली शासनाने साधारण दहा-दहा प्राथमिक शाळांचे गट पाडले, तेव्हा त्याच कल्पनेस ‘केंद्र’ हे सुटसुटीत नाव मिळाले होते आणि कोणाचे काही अडले नव्हते.

आमच्या भाषेत द्राक्षांचा घड, केळीचा लोंगर आणि त्याची फणी, मेथीची जुडी, कडब्याची पेंढी, सरपणाची मोळी, कृत्तिकांचा पुंज. आणि माणसे जमली तर ती कशासाठी जमली यावर नाव ठरते: जत्रेत मेळा, भांडणाभोवती कोंडाळे, पारावर टवाळी करते ते टोळके. या सर्वांवर एकच क्लस्टर फिरविणे म्हणजे सगळ्या गावास एकाच मापाच्या वहाणा वाटणे होय. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ज्या ‘कंपू’ने आपण आज एकमेकांची उणीदुणी काढतो, तो शब्दही मूळचा परकी छावणीतला, महादजी शिंद्यांच्या चाकरीतील द बॉइनच्या कवायती पलटणींना तो लागला आणि पुढे आमच्यात मुरला.

गवारीला इंग्रजीत ‘क्लस्टर बीन’ म्हणतात, हे मी शिरा काढीत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींस मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी मान वर न करता विचारले, “मग बाकीच्या शेंगा काय एकेकट्या लागतात?” या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते, म्हणून दाण्याचे कूट घातलेल्या त्या भाजीची वाटी घेऊन मी आबांकडे गेलो.

अर्ज अजून ओट्यावरच होता, त्यावर वाऱ्यासाठी अडकित्ता ठेवलेला. “साहेब कधीचे म्हणतात?” आबांनी विचारले. मी म्हणालो, “भाजी गरम आहे तोवर जेवून घ्या.”